कर्नलचा ड्रायव्हर

माणसाने कोणताही धंदा करावा, पण ज्याचे नाव नातेवाइकांना दोन शब्दांत सांगता येत नाही असा करू नये. वकील, मास्तर, कापसाचा अडत्या, विम्याचा एजंट ही मंडळी या बाबतीत भाग्यवान. मी मात्र पुण्यात बसून 'कर्नल-मोड डिव्हाइस ड्रायव्हर' लिहीत असे. हे मी एकदा खामगावला माझ्या आत्याला अर्धा तास खपून समजावले. तिने त्यातले स्वतःला झेपले तेवढे उचलले. महिन्याभरात मलकापूरपासून लोणारपर्यंत, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात जिथे जिथे आमचे सोयरे आहेत तिथे, बातमी पोचली की पोरगा मिलिटरीत कर्नलसाहेबांची गाडी चालवतो. मेहकरच्या एका वधुपित्याने तर 'क्वार्टर मिळते काय?' हेही विचारून घेतले.

तेव्हा आधी खुलासा. हा कर्नल मिशीवाला नव्हे. कर्नल म्हणजे गाभा. वऱ्हाडी माणसाला सांगायचे तर सरकी फोडल्यावर आत निघतो तो गर. संगणक चालवणारी जी मूळ व्यवस्था असते तिचा हा गर. आपण रोज वापरतो ते प्रोग्रॅम टरफलाबाहेर राहतात. त्यातला एखादा कोलमडला तर तो एकटा जातो. पण डिस्क, माउस असल्या यंत्रांशी बोलणारे ड्रायव्हर बहुधा आत, गरात बसतात. तिथे एकाचा पाय घसरला की सगळे मशीन बसते आणि तेव्हा पडदा निळा होत असे. घरातला बल्ब जाणे आणि गावचा ट्रान्सफॉर्मर जळणे यात जो फरक आहे, तोच हा.

आता माझ्या वडिलांविषयी. ते एस.टी.त कंडक्टर होते. संगणकाला त्यांनी जन्मात हात लावला नाही, तरी माझा धंदा आमच्या खानदानात कळला तो एकट्या त्यांना.

त्याला कारण रुमाल. माझ्या लहानपणी स्टँडवर गाडी लागली रे लागली की खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि प्रसंगी घरातले सर्वांत धाकटे पोर आत पडत असे. ज्याचा रुमाल त्याची सीट. एका सीटवर दोन रुमाल पडले की पुढला तास गाडीत तेवढाच विषय.

जुन्या पीसीचे तंत्र अगदी हेच होते. आय.बी.एम.ने १९८४ साली पीसी-एटी काढला, त्यात 'मला बोलायचंय' असे प्रोसेसरला कळवायला सोळा तारा होत्या. एस.टी.तल्या घंटीची दोरीच म्हणा. त्यातली एक तर दुसरा आठ तारांचा जुडगा जोडण्यातच खर्ची पडे. घड्याळ, कीबोर्ड, डिस्क यांच्या जागा पहिल्यापासून राखीव, आमदारांच्या सीटसारख्या. फरक इतकाच, की कीबोर्ड खरोखर येऊन बसतो. उरलेल्या चार-दोन तारांवर साऱ्या जगाची कार्डे डोळा ठेवून. प्रत्येक कार्डावर डाळीच्या दाण्याएवढी एक काळी टोपी असे, जंपर नावाची. ती ज्या टाचण्यांवर बसवाल ती त्याची तार. हा झाला रुमाल. दोन कार्डांनी एकच तार धरली की कोणाचे काय बंद पडेल ते शेगावचे महाराज जाणोत. आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात माउस आणि मोडेम यांनी चौथी तार वाटून घेतली होती. मोडेम लागला की माउस गोठे आणि माउस हलवला की फोन तुटे. मालकांनी एक माणूस नुसता माउसकडे कोणी फिरकू नये म्हणून बसवला होता.

यावर उतारा म्हणून इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ साली 'प्लग अँड प्ले'चे नियम आखले. कार्डांवर जंपर नको. प्रत्येकाला चौसष्ट बिटांचा, म्हणजे चौसष्ट एक-शून्यांचा क्रमांक, वर पडताळ्याचे आठ. मशीन सुरू झाले की सगळ्यांनी आपापला क्रमांक एकेका अंकाने, एकाच वेळी सांगायचा. ज्याचा अंक एक त्याने ओरडायचे. ज्याचा शून्य त्याने गप्प राहून कान द्यायचा, आणि दुसरे कोणी ओरडलेले ऐकू आले की त्या फेरीपुरते बाहेर व्हायचे. शेवटी एकच उरतो. त्याला बिल्ला द्यायचा आणि बाकीच्यांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून. ही युक्ती काढणाऱ्याने आमच्याकडची एखादी ग्रामसभा पाहिलेली असणार.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले, त्यात हे सगळे होते. तरी लोक त्याला 'प्लग अँड प्रे' म्हणत: जोडा आणि हात जोडा. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्या देखत विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा झाला. त्या दिवशी मला फार बरे वाटले, हे कबूल करण्यात हशील आहे.

१९९९ च्या दिवाळीत मी घरी होतो. विंडोज २००० यायचे होते आणि त्यातली नवी पद्धत माझ्या डोक्यात घोळत होती. आत्याच्या चकल्या खाता खाता मी वडिलांना सांगू लागलो. आता जागा कोणी धरायची नाही. आत 'बस ड्रायव्हर' नावाचा खराच एक ड्रायव्हर असतो, तो आपल्या बसवर कोण कोण चढले, कोणाला काय लागते, याची यादी वर देतो. यादीत पर्याय असतात: ही तार, नाही तर ती, इथली मेमरी, नाही तर तिथली. यंत्राच्या स्वतःच्या ड्रायव्हरला वाटलेच, तर त्यात थोडा फेरफार सुचवता येतो. मग वरचा मॅनेजर सगळ्यांच्या याद्या ताडून वाटप करतो आणि 'चला, सुरू करा' म्हणून निरोप धाडतो. त्या निरोपाला चिकटून तुमच्या वाट्याला काय आले त्याचा कागद असतो. तो वाचायचा आणि तेवढ्यात भागवायचे.

वडील म्हणाले, "म्हंजे तू कंडक्टरकी लिहितं. मंग त्याले ड्रायव्हर काहून म्हणतेत?"

"कंडक्टर तो मॅनेजर, बाबा. तो कंपनी लिहिते. मी प्रवासी लिहितो."

वडिलांनी चकली खाली ठेवली. "प्रवासी लिहिता येते? मंग मले तीस वर्षं एवढा तरास कायले झाला?"

त्यानंतर तासभर त्यांनी माझी जी तपासणी घेतली तशी कोणत्याही साहेबाने घेतली नाही. गेल्या खेपेला मिळाली तीच सीट याही खेपेला आपली, असं समजून बसतो का तुझा प्रवासी? नाही, बाबा, दर खेपेला कागद नव्याने वाचतो. चढताना घाई करतो का? नाही, सुरू व्हायचा निरोप आधी खाली बस ड्रायव्हरकडे जातो, त्याचे झाले की मग वरचा हालचाल करतो, बंद होताना उलट, वरच्याने आपले आवरायचे, मग खालच्याने. हे त्यांना फारच पटले. मांडववाल्याच्या आधी आचारी येऊ नये, आणि आचारी गेल्याशिवाय मांडव सोडू नये.

"अन् उठवा लागलं तं?"

खरी मेख इथेच आहे. नवे यंत्र आले आणि जागा जुळेनात, तर बसलेल्यांना हलवावे लागते. पण मॅनेजर एकदम उठवत नाही. आधी विचारतो: थांबता येईल का? तुम्ही हो म्हणालात, तर नवी कामे रांगेत धरून ठेवायची आणि वाट पाहायची. सगळे हो म्हणाले तर 'थांबा' येतो आणि नवी जागा घेऊन पुन्हा 'सुरू करा'. एक जरी नाही म्हणाला, तर बाकीच्यांना 'राहू द्या, बसा' असा निरोप जातो आणि गाडी आहे तशी चालू राहते.

वडील आत्याकडे बघून हसले. मलकापूर–बुलढाणा गाडीत मोताळ्याला एक बाळंतीण चढली होती, त्यांनी पाचसहा जणांना विचारून सीटा फिरवायचा घाट घातला होता, आणि खिडकीशी बसलेल्या सख्ख्या बहिणीने साफ नाही म्हटले होते. पुढे राजूरचा घाट. तिला घाटात खिडकी नसली की काय होते, ते सगळ्या खानदानाला ठाऊक.

"मंग काय," आत्या आतून ओरडली, "हो म्हणून त्या बाळंतिनीच्या लुगड्यावर ओकू?"

आत्याला काही सर्टिफिकेट नाही, पण तिने नियम बरोबर सांगितला. ज्या डिस्कवर खुद्द विंडोज आपले पेजिंगचे सामान ठेवते, तिच्या ड्रायव्हरने या प्रश्नाला नाहीच म्हणायचे असते. भिडेखातर हो म्हणणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिले. निळ्या पडद्यांत त्यांचा वाटा मोठा.

एक निरोप मात्र मी त्या दिवशी वडिलांना सांगितला नाही, कारण चकल्या चालल्या होत्या. त्याचे नाव 'सरप्राइज रिमूव्हल'. यंत्र आधीच गेलेले असते, कोणी तरी वायर ओढलेली असते. तुम्हाला नुसते कळवतात. याला नाही म्हणता येत नाही. अडकलेली कामे 'होणार नाहीत' म्हणून परत करायची, धरलेले सोडायचे, आणि त्या यंत्राला पुन्हा हाक मारायची नाही. गेलेल्या कार्डाला वाचायला जावे तर नुसते एक, एक, एक, एक येत राहतात. शेवटचा 'काढा' हा निरोप लगेच येत नाही. ज्यांनी ज्यांनी ते यंत्र उघडून धरले आहे, त्या सगळ्यांचे हात सुटावे लागतात.

वडील २००७ च्या श्रावणात, पहाटे, कोणाला न विचारता गेले. मला पुण्यात फोन आला. मग पेन्शन, बँक, गॅस, रेशनकार्ड, वाचनालयाचे एक पुस्तक, असे एकेक हात सोडवण्यात दिवाळी आली. कपाटात त्यांचा तिकिटाचा जुना पंच सापडला आणि एक लांबट वही. सुट्टे नव्हते म्हणून तिकिटामागे बाकी लिहून दिली आणि जे घ्यायचे विसरून उतरले, त्यांची. पैसे डेपोत भरलेले. पण पुन्हा गाठ पडली तर पदरचे देता यावे म्हणून नोंद. 'मोताळा, म्हातारी, हिरवे लुगडे, ७५ पैसे.' 'नांदुरा, मास्तर, १ रुपया २० पैसे.' कोणाचेच नाव नाही. ही कामे कोणाकडे परत करायची?

"शेगावले पेटीत टाकून दे," आत्या म्हणाली.

बेरीज सतरा रुपये चाळीस पैसे झाली. मी वीसची नोट टाकली. वडील असते तर त्यांनी बाकीचे दोन साठ मागे लिहून दिले असते.