शुगर कुणासाठी?

रोह्यात शुगर सांगता येते. मूल होत नाही, हे सांगता येत नाही. शुगरचं कळलं की समोरची बाई कारल्याचा रस सुचवते, मेथीदाणे सुचवते, जांभळाच्या बियांची पूड सुचवते आणि स्वतःचा उपाशीपोटीचा आकडाही सांगून टाकते. दुसऱ्या विषयाला मात्र आवाज खाली येतो आणि नजर पोटाकडे जाते. त्यामुळे मूल व्हावं म्हणून माझे उपचार सुरू झाले तेव्हा एका दुखण्याने दुसऱ्याला आडोसा दिला. फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन होतंच, त्याच्या शेजारी स्त्रीबीजं वाढवायची इंजेक्शनं आली. पाहुण्यांनी विचारलं की सासूबाई सहज म्हणायच्या, "शुगरची आहेत तिची." अर्धं तर खरंच होतं.

त्या दारात दोन मोठे शोध शेजारीशेजारी उभे होते. १९२२ साली इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी मधुमेही बाईला दिवस राहणं आणि त्यातून आई-बाळ दोघं सुखरूप सुटणं दुर्मीळ होतं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि तो शब्द मराठी घरांत पोचला. हे दोन्ही शोध एकाच बाईच्या अंगावर एकाच वेळी लागू करायचे म्हटलं, की खरी ओढाताण सुरू होते.

मधुमेहाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तीन महिन्यांची शुगर साडेसहाच्या खाली आणा, मग पुढचं बोलू." माझी तेव्हा नऊच्या घरात होती. वंध्यत्वाच्या डॉक्टरांनी एएमएचचा, म्हणजे बीजांच्या साठ्याचा, रिपोर्ट पुढे सरकवला. "ताई, बीजं कमी होत चाललीत, थांबून चालणार नाही." दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. तीन महिन्यांच्या शुगरला, म्हणजे एचबीएवनसीला, घाई कळत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना चिकटलेल्या साखरेचा तो हिशेब असतो. आठवडाभर भात सोडून तो फारसा बदलत नाही. बीजांना मात्र थांबणं परवडत नाही. शेवटी दोघांनी एकमेकांना फोन करून मधला रस्ता काढला: बीजं आधी काढायची, गर्भ गोठवून ठेवायचे आणि ते गर्भाशयात सोडायचे ते शुगर ताळ्यावर आल्यावर.

यामागचं कारण मला उशिरा उमगलं. बाळाची मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते आणि हृदयही त्याच सुमारास आकार घेत असतं. तोवर बहुतेक बायकांना पाळी चुकल्याची जेमतेम शंका आलेली असते. शुगर चढलेली असेल तर व्यंगाचा धोका त्याच दिवसांत वाढतो; डोहाळजेवणापर्यंत आणलेली शिस्त त्या कामाला उशिराची. म्हणून फॉलिक अॅसिड आधीपासून, डोळ्यांच्या पडद्याची आणि किडनीची तपासणी आधी, रक्तदाबाच्या नि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आधीच बदलायच्या. उपचार घेणाऱ्या बाईच्या वाट्याला एक गोष्ट चांगली येते: तिला गर्भाची तारीख पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ज्यांना सहज दिवस राहतात, त्यांना ही सवलत नाही. तरुण मधुमेही बायकांना हे लग्नाच्या सुमारासच कुणी सांगितलं तर किती बरं होईल. आपल्याकडे मुलीची शुगर लग्न जमेपर्यंत लपवतात आणि जमल्यावर विसरतात.

माझं माहेर पेणजवळचं, गणपतीच्या कारखान्यांच्या भागातलं. भात, तांदळाची भाकरी, पेणचे पोहे, उकडीचे मोदक. सगळं अन्न तांदळावर उभं. त्यात मूल व्हावं म्हणून कुणी संकष्टी धरायला सांगायचं, कुणी पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोलायला. नवसाने शुगर वाढत नाही. संकष्टीने दोन्हीकडून त्रास: दिवसभर उपाशी राहून इन्सुलिन घेतलं तर साखर धोक्याइतकी उतरते आणि फराळाच्या साबुदाण्याने ती उसळते. एकदा पेणला जाताना गाडीत नागोठण्याच्या पुढे घाम फुटला, हात थरथरायला लागले. पर्समधला ग्लुकोज तोंडात टाकला. समोरच्या मावशी हसून म्हणाल्या, "कितवा महिना?" मी म्हटलं, "शुगर उतरलीय." त्यांनी लगेच कारल्याचा रस सांगितला.

अंगाने मी बारीक. "तुला कशी शुगर?" हा प्रश्न त्यामुळे ठरलेला. त्याचं उत्तर मला पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधली ३.५ किलोंची; आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. पुढच्या मधुमेहाची मुळं आईच्या पोटातल्या दिवसांपर्यंत जातात, असं हे संशोधन सांगतं.

वाचून आधी मी घाबरले. म्हणजे होणाऱ्या बाळाची शुगरही माझ्याच माथी? मग आईचं आयुष्य आठवलं: चिखलात लावणीला वाकलेली, ताटात भात नि कालवणाचं पाणी, लग्नानंतर कारखान्यात मातीचे गोळे वाहणारी. तिच्या पोटात मी होते. तिच्या आईचं पोट त्याहून रिकामं. दोष द्यायचा तर किती पिढ्या मागे जायचं? आणि तो दर वेळी बाईपाशीच का येऊन थांबतो? पुरुषाच्या मधुमेहाने शुक्राणूंचं नुकसान होऊ शकतं, हेही शास्त्रच सांगतं. डॉक्टरांनी नवऱ्याची तपासणी लिहून दिली तेव्हा घरात सगळे कागदाकडे बघत राहिले. त्याची शुगरही काठावर निघाली.

गोठवलेला पहिला गर्भ सोडला तेव्हा माझा आकडा साडेसहाच्या खाली होता. त्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाला माझी जेवणानंतरची शुगर पाठ असायची. सासूबाई माझं ताट स्वतः वाढायच्या: भात एक वाटी, डाळ जास्त, आधी काकडी. प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर आकडे वर सरकले, तेव्हा नणंदेने मुंबईहून फोन करून चौकशी केली. मग बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणारा, रिपोर्ट आला. निगेटिव्ह. सगळे मायेने वागले, कुणी वाकडा शब्द काढला नाही. पण त्या रात्री जेवणानंतरची शुगर मला कुणी विचारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तेव्हा लख्ख कळलं की ती काळजी माझी नव्हतीच. जो अजून आलाच नव्हता, त्याच्यासाठी माझं शरीर सांभाळलं जात होतं. तो येणार नाही म्हटल्यावर शरीराकडे बघायचं कारण उरलं नाही. त्यात घरच्यांचा दुष्टपणा नव्हता. मीही तोवर स्वतःकडे तशीच बघत आले होते. डोळे माझे जाणार, पायाची बोटं माझी बधिर होणार, किडनी माझी. तरी भात कमी करताना मी मनात कायम त्याचंच नाव घेत होते. मूल होण्याचे उपचार कधीतरी संपतात, यशाने किंवा नाद सोडून. मधुमेह संपत नाही. ज्याला शेवट नाही त्याला पुरेल असं कारणही जन्मभराचं लागतं, आणि ते माझ्याखेरीज दुसरं कोणतं असणार?

मी सासूबाईंना सरळ सांगितलं, "आई, मूल नाही झालं तरी मला शुगर आहेच." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझीही बघायला पाहिजे एकदा." आता तिघांचे आकडे लिहिले जातात. भाताचं भांडं लहान झालंय ते सगळ्यांसाठी. पुढचा गर्भ सोडायची तारीख ठरली आहे आणि मला तो रुजायला हवा आहे, अगदी जिवापासून हवा आहे. पण आकडा साडेसहाच्या खाली राहावा असं जे मला वाटतं, त्याला आता बाळाची अट नाही.