बरा झालेला प्रवासी

आजार उतरला की माणूस बरा झाला, असे आपण मानतो. अंथरूण गुंडाळले जाते, पेजेऐवजी पानात पुन्हा भात-कालवण येते आणि आजारपणाचा विषय संपतो. परंतु स्वतःला बरे वाटणे आणि इतरांच्या दृष्टीने निर्धोक होणे, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत. त्यांच्यामध्ये काही दिवसांचे अंतर असते. त्या दिवसांत आपल्याला काहीच होत नसते, आणि म्हणूनच ते पाळणे सर्वांत अवघड जाते. हे अंतर मला खऱ्या अर्थाने कळले ते एका जहाजाच्या धक्क्यावर.

गेल्या वर्षी उपवासकाळ लागण्यापूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या बंधूंच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त पुतण्याने मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या प्रवासी जहाजाची तिकिटे काढली होती. आम्ही सारे मिळून नऊ जण. वहिनींनी समुद्र आयुष्यभर किनाऱ्यावरूनच पाहिलेला. त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. निघण्याच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामात उलट्या-जुलाबांची साथ आली आणि सोमवारी रात्री तिने मलाही गाठले. बुधवारी संध्याकाळी पोट शांत झाले. गुरुवारी पेज घेतली, शुक्रवारी हिंडूफिरू लागलो. त्या आठवड्यातील मिस्सा शेजारच्या धर्मग्रामातील फादरांनी अर्पण केल्या. कारण ज्या हातांनी कम्युनियन द्यायचे, ते हात काही दिवस दूर ठेवावेत, अशी डॉक्टरांची सूचना होती.

शनिवारी दुपारी बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर प्रत्येकाच्या हाती आरोग्याचे एक पत्रक देण्यात आले. त्यात प्रश्न होता : गेल्या तीन दिवसांत आपणांस उलटी, जुलाब किंवा ताप झाला होता काय? बंधू हलक्या आवाजात म्हणाले, "बरा झालास ना? मग 'नाही' लिही." पुतण्याने तोड काढली, "फादरकाका, बुधवार धरायचा की नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. हातातली पिशवी घट्ट धरून त्या जहाजाकडे पाहत होत्या. माझ्या एका खुणेमुळे नऊही जणांचा प्रवास बुडण्याची शक्यता होती, आणि तिकिटांचे पैसे परत मिळणार नव्हते.

बुधवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या दुपारपर्यंत बहात्तर तास भरत नव्हते. शिवाय मी बरा आहे की नाही, हे पत्रकाने विचारलेच नव्हते. काय घडले, एवढेच विचारले होते. मी 'होय'वर खूण केली.

मला रांगेतून बाजूला घेण्यात आले. जहाजावरील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सारी विचारपूस केली, नाडी पाहिली, ताप पाहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "आपण या, फादर, पण उद्या सकाळपर्यंत केबिनबाहेर पडू नका. जेवण खोलीतच येईल. आणि हात साबण-पाण्यानेच धुवा, बाटलीतल्या जंतुनाशकावर विसंबू नका." कुटुंबीयांना अडवले गेले नाही, परंतु बंधू रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी थोडक्यात सांगितले ते पुढे मी वाचून घेतले. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ आली, की बहुधा नोरोव्हायरस नावाचा विषाणू तिच्या मुळाशी असतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील नॉरवॉक या गावी १९६८ साली एका शाळेत साथ आली होती. त्या गावावरून त्याचे नाव पडले. आजार एक ते तीन दिवसांत आटोपतो; परंतु रोगी बरा झाल्यानंतरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ त्याच्या शरीरातून विषाणू बाहेर पडत राहू शकतो. शंभराहूनही कमी कण दुसऱ्याला आजारी पाडण्यास पुरतात आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलला तो फारसा दाद देत नाही. अशा साथी जमिनीवरच अधिक होतात. परंतु जहाजावर हजारो माणसे तेच कठडे आणि तेच डाव हाताळतात, म्हणून तेथे त्या चटकन नजरेत भरतात. याच कारणास्तव अन्न हाताळणाऱ्या खलाशाला लक्षणे थांबल्यावरही किमान ४८ तास कामावर घेत नाहीत. प्रत्येक आजाराचा हिशेब निराळा असतो. गोवराचा रोगी पुरळ उठल्यानंतर चार दिवस आणि कांजिण्यांचा रोगी सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत इतरांना आजार देऊ शकतो.

संध्याकाळी जहाज हलले. वरच्या मजल्यावरून गाण्याचे सूर येत होते आणि मी गोल खिडकीतून मुंबईचे दिवे मागे सरताना पाहत होतो. माझ्या वाट्याला आलेला हा एकांत किती जुना आहे, याचा विचार मनात आला. सन १३७७ मध्ये रगुसा, म्हणजे आजचे डुब्रोव्हनिक, या बंदराने कायदा केला की, प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने शहरात पाऊल टाकण्यापूर्वी एक महिना बाहेर काढावा. पुढे या मुदतीचे चाळीस दिवस झाले, आणि इटालियन भाषेतील 'चाळीस'वरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. या नियमात रोग्यांबरोबर धडधाकट दिसणारी माणसेही अडकत. कारण धडधाकट दिसणे हा पुरावा नव्हे, हे त्या व्यापाऱ्यांना कळले होते. एका दिवसाच्या मुक्कामाचेही नुकसान मोजणारी ती माणसे. तरीही त्यांनी ही किंमत मोजली.

आठच्या सुमारास दार वाजले. जेवणाचे ताट घेऊन एक तरुण उभा होता. बोलता बोलता तो वेंगुर्ल्याचा निघाला. ताट बाहेरच्या स्टुलावर ठेवून तो दोन पावले मागे सरकला आणि म्हणाला, "फादर, तुम्ही खरं सांगितलंत असं ऐकलं. सांगणारे थोडेच असतात. न सांगणाऱ्याची खोली शेवटी आम्हीच धुतो." पूर्वी तो एका परदेशी जहाजावर होता. तेथे साथ आली तेव्हा कठडे, लिफ्टची बटणे, दारांच्या मुठी रात्रंदिवस पुसून काढाव्या लागल्या होत्या. त्याच्या खोलीतले दोन सोबती आजारी पडले. "प्रवासी आठ दिवसांनी घरी जातो, फादर. आम्ही आठ-नऊ महिने तिथंच असतो."

त्या वाक्यानंतर पुढ्यातल्या जेवणावरून माझे लक्षच उडाले. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, ती माणसे आपलीच आहेत. कोकणात आणि गोव्यात कितीतरी घरांची कौले, मुलांच्या फिया आणि बहिणींची लग्ने त्यांच्या कमाईवर उभी राहिली. २०२० सालच्या फेब्रुवारीत जपानमधील योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज कोरोनामुळे रोखून धरले गेले. त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. जानेवारीत हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला नंतर हा आजार असल्याचे निष्पन्न झाले होते. त्याला दोष देता येणार नाही. तेव्हा या रोगाची पुरती ओळख कोणालाच नव्हती. परंतु प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद असताना त्यांच्या दारापर्यंत ताटे कोणी पोहोचवली? खलाशांनी, आणि ते स्वतः मात्र खोल्या वाटून घेऊन राहत होते. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांतील प्रवासी केवळ सहा, बाकी १३२ खलाशी. नकळत जे घडते त्याला इलाज नाही. ज्याला माहीत आहे, त्याच्यावर मात्र त्या ताट आणणाऱ्या हातांचे ऋण असते.

परंतु माणसे लपवतात ती केवळ स्वार्थापोटी, असे मला वाटत नाही. ती भीतीपोटीही लपवतात. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान प्रथम केले ते मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. रोगाचे नाव उच्चारण्याने बंदराचा व्यापार आणि शहराची घडी विस्कटणार होती. तरीही त्यांनी ते उच्चारले. धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. आपल्यापैकी अनेक जण तेथून जातात. खरे सांगणाऱ्याचे पुतळे पुढे उभारले जातात, पण सांगण्याच्या दिवशी तो बहुधा एकटाच असतो.

या बाबतीत लेवीय ग्रंथाचा चौदावा अध्याय मला फार समंजस वाटतो. कुष्ठरोगी बरा झाला, तरी त्याने स्वतःच तसे जाहीर करून घरात शिरायचे नाही. याजकाने त्याला पाहावे. आणि छावणीत परतल्यावरही त्याने सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहावे. सेमिनरीत असताना हे नियम मला रुक्ष वाटत. आता त्यातील एक तपशील मला थांबवून ठेवतो. तपासणीसाठी रोग्याने आत यायचे नसते. याजकाने उठून छावणीबाहेर त्याच्याकडे जायचे असते. वाट पाहण्याचे कर्तव्य बरे झालेल्याचे. आणि त्याला वाट पाहताना एकटे पडू न देण्याचे कर्तव्य इतरांचे.

आपल्या घरांतही हा प्रश्न केवळ जहाजापुरता येत नाही. नुकताच ताप उतरलेला मुलगा शाळेत पाठवायचा की नाही, पोट बिघडून गेलेल्या बाईने लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहायचे की नाही, कांजिण्यांतून उठलेल्याने बाळंतिणीला भेटायला जायचे की नाही, हे निर्णय आपण रोज घेतो. "दोन दिवस थांबतो," असे कोणी म्हणाले, तर त्याला भित्रा म्हणू नये. आणि "मला आजार होता," असे कोणी सांगितले, तर त्याच्यापासून तोंड फिरवू नये. त्याचे ताट झाकून ठेवावे, दारापर्यंत नेऊन द्यावे आणि दोन पावले मागे उभे राहून त्याच्याशी बोलावे. त्या वेंगुर्ल्याच्या मुलाने मला नेमके हेच दिले होते.