संकोचाचे आठ महिने

अण्णांनी पहाटेचे फिरणे सोडले, तेव्हा आम्ही त्याचा दोष वयाला दिला. ७८वे वर्ष, कारण शोधावे लागले नाही. पुढे पूजेला पाटावर बसणे सुटले, तेही गुडघ्यांवर ढकलले. आषाढातल्या एका सकाळी न्हाणीघरात त्यांना आधार देताना खरे कारण दिसले. अंडकोशाची उजवी बाजू पेरूएवढी सुजली होती.

"कधीपासून?" मी विचारले.

"दिवाळीपासून," भिंतीकडे पाहत ते म्हणाले. "घरात सुना, नाती. सांगायचे कुणाला?"

शल्यचिकित्सकांनी तपासले. सुजेत पाणी असावे, असा त्यांचा कयास होता. पण ते इतके ताणून भरले होते की आतले वृषण हाताला लागेना. म्हणून त्यांनी सोनोग्राफी सांगितली.

या तपासणीसाठी उपाशी राहावे लागले नाही. खाली टॉवेलची घडी, वर चादर, थोडी जेली आणि हलक्या हाताने फिरणारे यंत्र. ध्वनिलहरींनी चित्र उमटते. क्ष-किरण नाहीत, सुई नाही. तरी अण्णांची मूठ आवळलेली होती. अखेर त्यांनी विचारले, "डॉक्टर, कर्करोग आहे का?"

ही भीती उशाशी घेऊन ते आठ महिने निजत होते, हे मला तेव्हा कळले.

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. काळे दिसते ते पाणी. त्यात एकसारखे राखाडी, ते वृषण. आत गाठ नव्हती. डॉप्लरच्या रंगांत रक्तप्रवाह व्यवस्थित दिसला. खोकायला लावूनही आतडे खाली उतरले नाही, म्हणजे अंतर्गळही नव्हता. निदान झाले हायड्रोसीलचे.

प्रत्येक सूज अशी निरुपद्रवी नसते, हेही त्यांनी बजावले. ताप आणि लघवीची जळजळ असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. कठीण गाठ लागली तर तपासणी लांबवू नये. अचानक तीव्र वेदना उठली तर तत्काळ रुग्णालय गाठावे; वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा तुटला असेल, तर काही तासांतच ते निकामी होते.

सुईने काढलेले पाणी बहुधा पुन्हा भरते, म्हणून अण्णांनी शस्त्रक्रिया स्वीकारली. आता ते पुन्हा पाटावर बसतात.

मी मात्र एक सवय लावून घेतली आहे. दर रविवारी त्यांची नखे कापताना दार लोटून घेतो आणि विचारतो, "अण्णा, आणखी काही सांगायचे राहिले आहे का?"