ढिगाखालची ओल

मे महिन्यात घर पाहायला जाऊ नये, हे मला आता समजलं. वैशाखात आमच्या बीबीत विहिरी तळाला जातात, तिथे भिंतीला कुठली ओल? प्रत्येक घर कोरडंठाक दिसतं. पण आमचा नाइलाज होता. अम्मीला दमा आहे. जुन्या घराच्या मागच्या खोलीत गेल्या तीन पावसाळ्यांत तिचा त्रास वाढतच गेला. रात्री दोन-दोनदा उठून पंप तोंडाला लावायची. डॉक्टरांनी औषधाआधी घराचंच विचारलं, भिंतींना ओल आहे का? म्हणून ठरलं, पावसाच्या आत हे घर विकायचं, पदरचे थोडे घालायचे आणि गावातच दुसरं घ्यायचं.

घर सापडलंही. अब्बूंच्या ओळखीच्या एका चाचांचं, विटांचं, स्लॅबचं, तीन खोल्यांचं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ साफ, भाव आवाक्यातला. नुकताच पिस्ता रंग दिलेला. भाईजान तर इसाराची रक्कम खिशात घेऊनच आले होते.

अम्मी मागच्या खोलीत जाऊन बसली आणि पाच मिनिटांत तिने हाक मारली, "बेटा, यहाँ सीलन है." मी भिंतीवरून हात फिरवला. कोरडी. चाचा हसले, "मई में सीलन कहाँ से आयेगी, भाभी?" अम्मी काही बोलली नाही. तिने भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. आत फळ्यांवर वर्तमानपत्रं अंथरलेली, मागच्या भिंतीवरही चिकटवलेली. एका कागदाचा कोपरा तिने ओढला. मागे काळे ठिपके होते, मिरपूड सांडल्यासारखे. आणि तो वास, वर्षभर पेटीत राहिलेल्या गोधडीला येतो तसा. मग मला दिसलं की त्या खोलीत कमरेपर्यंतचा गिलावा नवा होता आणि त्यावर चकचकीत ऑइलपेंट. ऑइलपेंटखाली भिंत भिजलेली असली तरी हाताला लागत नाही.

इसार खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. हा माणूस शाळा फारसा शिकलेला नाही, पण भिंत वाचतो. बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत गेला, एका जागी आवाज पोकळ आला. म्हणाला, "सर, ओल तीन वाटांनी येते. वरून, खालून, नाहीतर शेजारून. वाट सापडल्याशिवाय एक रुपया घालू नका." स्लॅबमधून झिरपत असेल तर छताजवळ तपकिरी गोल डाग पडतात. पायातून चढत असेल तर कमरेच्या आसपास थांबते आणि पांढरी खार सोडून जाते. जुनी माणसं त्याला लोणा म्हणतात. (आमच्या तालुक्याचं नाव लोणार, सरोवराचं पाणी खारट, त्यामुळे इथे कुठल्याही पांढऱ्या डागाचा आळ सरोवरावर घालायची सोय आहे. भिंतीतली खार बहुतेक वेळा विटांमधली, मातीतली आणि सिमेंटमधलीच असते.) खार आणि बुरशी यांतला फरकही त्याने दाखवला. पांढरी पूड पाण्याच्या थेंबात विरघळली ती खार. काळे ठिपके तसेच राहिले ती बुरशी.

मग त्याने त्या भिंतीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि दोन दिवस हात लावू नका म्हणाला. प्लास्टिकच्या आतून, भिंतीच्या बाजूने थेंब धरले तर ओल भिंतीत. बाहेरून धरले तर खोलीची हवाच दमट. दोन दिवसांनी थेंब आतून होते. भर मे महिन्यात. म्हणजे पाऊस नाही, पलीकडची न्हाणी. फरशीखालचा पाइप कुठेतरी गळत होता.

मला राग आला तो पाइपाचा नाही, त्या नव्या गिलाव्याचा. सहीह मुस्लिममधली हदीस लहानपणापासून ऐकलेली. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता सांगतो, पावसाने भिजलं. मग ते भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं ते त्याला विचारतात, आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानत नाहीत. त्या माणसाला पावसाबद्दल कुणी बोल लावलेला नाही. जाब विचारला गेला तो ओलं खाली आणि कोरडं वर ठेवल्याबद्दल. आमच्या गावाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. सोयाबीनच्या सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारतात. २०२४च्या नोव्हेंबरात केंद्राने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली, तेव्हा पारावर आठवडाभर तोच विषय होता. पोत्याच्या ओलाव्याचा टक्का तोंडपाठ असलेले आम्ही, आयुष्यभराची कमाई घालून घर घेतो तेव्हा नुसता रंग बघतो.

शरीयतीत खियारुल ऐब आहे, सौद्याच्या वेळी लपून राहिलेला दोष नंतर निघाला तर घेणाऱ्याला माल परत करायची मुभा. आपल्या देशाच्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलमही सांगतं की साध्या सावधगिरीने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगितला पाहिजे. हे सगळं मी चाचांना ऐकवणार होतो. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

घरी आलो तर भाईजान डिस्टेंपर कालवत होते. आमच्या मागच्या खोलीसाठी. दोन दिवसांनी आमचं घर पाहायला एक नवरा-बायको येणार होते, त्यांना दोन वर्षांचं लेकरू. ती खोली मी कित्येक महिन्यांत नीट पाहिली नव्हती. पश्चिमेच्या भिंतीतला ताक रिकामा होता. कुराणशरीफ तिथे असायचं. दोन वर्षांपूर्वी जुजदानला हिरवट बुरशी धरली तेव्हा अम्मीने ते धुतलं, उन्हात वाळवलं आणि कुराण पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. कुराण आम्ही त्या भिंतीपासून हलवलं होतं आणि तीच भिंत दुसऱ्याच्या लेकरासाठी रंगवत होतो.

मी बादली बाजूला सरकवली. भाईजान चिडले. "अम्मीचं घर होईल की नाही ते बघ आधी. पन्नास हजार पाण्यात जातील." त्यांचं चूक नव्हतं, आमच्याकडे पन्नास हजार जास्तीचे नव्हते. रात्री जेवताना कुणी बोललं नाही. शेवटी अम्मीच म्हणाली, "मेरी खाँसी किसी के बच्चे को मत बेचो."

मिस्त्रींनी आमचीही भिंत पाहिली. आमची वाट वेगळी निघाली. गल्लीतला रस्ता दर वेळी सिमेंटचा होतो, दर वेळी आधीच्यावरच ओततात, आणि घर चार-चार बोटं खाली जातं. आता गल्लीचं पाणी आमच्या पायाशी थांबतं. त्यात आमची मागची भिंत मूळची दगड-मातीची. मातीची भिंत आत आलेली ओल हळूहळू बाहेर सोडते. अब्बूंनी हौसेने तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला, ओल आत कोंडली. कितीही रंग द्या, पाऊस पडला की पोपडे.

नवरा-बायको आले तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांना मागच्या खोलीत नेलं. त्या बाईंनी ताकात हात घातला, मग विचारलं, "पावसाळ्यात इथं लेकराला निजवता येईल का?" मी म्हणालो, "नाही, ताई. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला आणि बाहेरून पाण्याला उतार काढला तर पुढच्या वर्षी बघा." जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यावर पुस्तकच काढलंय. इतकी बुरशी चालेल असा आकडा त्यात दिलेला नाही, ओलच राहू देऊ नका असं म्हटलंय. त्यांना हे सांगायची वेळ आली नाही. आई होती, तिला कळलं.

ते गेले. आम्हाला वाटलं, कायमचे. चार दिवसांनी स्वतःचा मिस्त्री घेऊन परत आले आणि साठ हजार कमी सांगितले. पंचेचाळीसवर मिटलं. इसारपावतीवर मागच्या भिंतीचा उल्लेख मी स्वतः लिहिला. भाईजानांनी सही केली, माझ्याकडे न बघता.

चाचांकडे गेलो तेव्हा जुळवलेली वाक्यं बोलवेनात. इतकंच म्हणालो, पाइप तुम्ही दुरुस्त करून द्या, गिलावा आम्ही बघतो. ते म्हणाले, "सब करते हैं बेटा." मी मान हलवली. आमच्या घरातली डिस्टेंपरची बादली त्यांना माहीत नव्हती.

न्हाणी खोदली, पाइप बदलला, नवा गिलावा काढून टाकला. कपाटातली बुरशी खरवडण्याआधी मिस्त्रींनी ती ओली केली आणि तोंडाला फडकं बांधलं. कोरडी खरवडली तर घरभर उडते. अम्मीला त्या दिवशी खालाकडे पाठवलं होतं. उघड्या विटांवर पावसाळा काढायचा, रंगाची घाई करायची नाही, असं मिस्त्रींनी बजावलं.

आता दिवाळी जवळ आलीय. भेटायला येणारा प्रत्येक जण त्या लाल विटांकडे बघतो आणि काम अर्धं का सोडलं विचारतो. अम्मी त्या भिंतीवर तळहात ठेवते, थोडा वेळ तसाच ठेवते आणि म्हणते, "अभी सूख रही है."