शिबिराची नावं

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराची सूचना फलकावर लागली आणि मुलांनी लगेच नावं दिली. वर्षाचे सेवेचे 120 तास भरायचे असतातच. पण मला खरं मोल वाटतं ते शिबिरात बांधायच्या वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं सुतळीनं शिवायची, ओढ्यात सांधेमोड करून थर रचायचे आणि पाणी अडवायचं. इथे सापगावाजवळून भातसा वाहते, तिचं पाणी मुंबईला जातं, आणि शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात! पुढे 12 जानेवारीचा युवा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. भाषणं होतील, व्हावीतच. शिबिराला मुलींना मुक्कामी पाठवायला घरचे मात्र कचरतात. उद्या त्यांच्या आयांना भेटून येते.