मुक्तिनाथच्या वाटेवरचा मिस्त्री

पोखऱ्याहून मुक्तिनाथाकडे निघालेल्या माणसाला बेनीपर्यंत रस्ता भेटतो. आम्ही गेलो त्या २०१९ च्या ऑक्टोबरात त्यापुढे बहुतेक ठिकाणी रस्त्याची नुसती दिशाच होती. खाली काळ्या पाण्याची काली गंडकी, डावीकडे ८,१६७ मीटरांचा धौलागिरी, उजवीकडे ८,०९१ मीटरांची अन्नपूर्णा आणि या दोघांच्या मधून दीडशे सी.सी.च्या मोटारसायकलवर मी व माझा भाचा! आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम याच नदीतला. कोजागिरीला मुक्तिनाथी असावे, असा बेत होता.

नेपाळला परदेश म्हणताना मराठी जीभ जरा अडखळते. पाट्या देवनागरीतच असतात. पण सुनौलीच्या नाक्यावर गाडीचे भन्सार भरले, जितके दिवस तितके पैसे मोजले, की परदेश म्हणजे काय ते खिशाला कळते.

तातोपानीच्या अलीकडे क्लचची तार मुठीपाशी तुटली. टोकाची शिशाची गोळी गेली की तार धरायला जागाच उरत नाही. भाच्याने एका दुकानातून विजेच्या वायरी जोडायचा पितळी कनेक्टर आणला, त्यातला पितळेचा तुकडा काढला, तार त्यात घालून स्क्रू आवळला. झाली गोळी! पुढे उडालेल्या दगडाने पेट्रोलच्या टाकीला बारीकशी चीर पडली, तिच्यात अंगाचा साबण दाबून भरला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे ज्ञान मला एम.ए.च्या अभ्यासक्रमात मिळालेले नव्हते. भाच्याचा उत्साह आता धौलागिरीशी स्पर्धा करू लागला.

कालोपानीला, सुमारे अडीच हजार मीटरांवर, पुढच्या ब्रेकची तेलाची नळी दगडाला घासून फाटली. दिवस कोजागिरीचा, दुपारची वेळ. या दरीत दुपारी असा वारा सुटतो, की उभी गाडीही धरून ठेवावी लागते. भाचा म्हणाला, “मामा, जुन्या ट्यूबची पट्टी करकचून आवळू. संध्याकाळी पोचतो.”

गावातला मिस्त्री पंचविशीचा असेल. त्याने नळी पाहिली, पट्टी पाहिली आणि मान हलवली. “ब्रेकमा जुगाड हुँदैन, दाइ.” ब्रेक दाबला की आतल्या तेलाचा जोर एवढा वाढतो, की पट्टी नेमकी हवी त्याच वेळी सुटणार, हे त्याने मूठ दाबून दाखवले. मग वरच्या वाटेकडे बोट केले. चढताना काही नाही. मुक्तिनाथ ३,७०० मीटरांवर, उतरायचे आहे ना? भाच्याने दुप्पट पैसे देऊ केले. त्याने पाना खाली ठेवला आणि चहा सांगितला. मला तो माणूस तिथेच आवडला.

नळी बेनीहून दुसऱ्या दिवशीच्या जीपने येणार होती. नेपाळात त्या पौर्णिमेला दशैंचा शेवटचा दिवस. मिस्त्रीच्या आईने आमच्या कपाळांना अक्षतांचा लाल टिळा लावला आणि जेवू घातले. वारा पडल्यावर निलगिरीवर चांदणे आले. आटीव दूध तेवढे नव्हते.

सकाळी अकराला नळी आली. त्याने ती बसवली, तेल भरले, हवा काढली, स्वतः उतारावर दोनदा गाडी नेऊन आणली. टाकीवरचा साबण खरवडून तिथे नीट लांबी भरली. क्लचमधला पितळेचा तुकडा मात्र बोटाने चाचपला, हसला आणि तसाच ठेवला.

“यो चल्छ,” म्हणाला.

तो सुनौलीपर्यंत चालला.