आर्पाद वाइस

1990 च्या जूनमध्ये दूरदर्शनसमोर बसून आम्ही विश्वचषकाचा पहिला सामना पाहिला. मिलानच्या सान सिरो मैदानावर कॅमेरूनने मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला 1-0 असे हरवले. त्या मैदानाचे अधिकृत नाव जुझेप्पे मेआत्सा. इटलीने 1934 आणि 1938 असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले, तेव्हाचा हा लाडका खेळाडू. त्याला सतराव्या वर्षी मोठ्या संघात उतरवणारा माणूस कोण, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. खरे तर तेव्हा इटलीतही ते सांगणारे फारसे उरले नव्हते.

तो माणूस हंगेरीचा. आर्पाद वाइस. 1896 साली शोल्त या गावी एका ज्यू कुटुंबात जन्मलेला. डाव्या बगलेवरून खेळायचा. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बाजूने लढताना इटलीच्या हाती सापडला आणि तिथे कैदेत राहिला. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी हंगेरीच्या संघात त्याची निवड झाली होती. पुढे ज्या मुलखाने कैद केले होते तिथेच तो पोटापाण्यासाठी गेला. दुखापतीने खेळ सुटला आणि त्याने शिकवायला घेतले.

मिलानच्या इंटर संघाचे नाव फॅसिस्ट सरकारला परदेशी वाटले, म्हणून 1928 साली ते बदलून 'अम्ब्रोझियाना' करायला लावले. वाइसच्या नावातला पहिला परका वाटणारा अक्षरही इटालियन वर्तमानपत्रे बदलून छापत. पण कामात कुणाला काही उणे काढता येईना. बाकीचे प्रशिक्षक कोट घालून मैदानाबाहेर उभे राहत, हा अर्ध्या चड्डीत पोरांबरोबर धावे. मेआत्साला दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत म्हणून त्याला भिंतीवर चेंडू मारत बसवी. 1930 साली अम्ब्रोझियानाने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा गुरू चौतीस वर्षांचा होता आणि मेआत्साने एकट्याने 31 गोल केले होते. त्याच साली वाइसचे फुटबॉलवरचे पुस्तकही निघाले. प्रस्तावना कुणाची, तर इटलीच्या राष्ट्रीय संघाचे विख्यात प्रशिक्षक व्हित्तोरियो पोत्सो यांची! इतका मान.

नंतर बोलोन्या. युव्हेंटस ओळीने पाच वर्षे अजिंक्य होता. 1936 साली ती मालिका वाइसच्या बोलोन्याने तोडली, तीही साऱ्या हंगामात अवघे चौदा खेळाडू वापरून. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. 1937 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त झालेल्या स्पर्धेत त्यांनी इंग्लंडच्या चेल्सीला 4-1 ने नमवले. फुटबॉल आम्हीच शिकवला म्हणणाऱ्या इंग्रजांना!

सप्टेंबर 1938 मध्ये फर्मान निघाले. 1 जानेवारी 1919 नंतर इटलीत आलेल्या परदेशी ज्यूंनी सहा महिन्यांत देश सोडावा. वाइसचा मुलगा रॉबेर्तो मिलानमध्ये जन्मलेला, क्लाराही इटलीतच. दोघांची नावे इटालियन. तरी ती परकीच ठरली. ज्यू मुलांना शाळेचे दरवाजे बंद झाले ते त्याच महिन्यात. बोलोन्यात मोर्चा निघाला नाही, मैदानावर घोषणा झाली नाही. क्लबने दुसरा प्रशिक्षक नेमला आणि त्या हंगामाचे अजिंक्यपदही जिंकले. आम्हाला या साऱ्या हकिगतीत सर्वांत जास्त बोचते ते हेच. काम थांबलेच नाही.

1939 च्या आरंभी चौघे पॅरिसला गेले, तिथून हॉलंडमधल्या दोर्द्रेख्त या छोट्या गावी. तिथल्या डीएफसी या साध्या संघाला वाइसने खालच्या गटात घसरण्यापासून वाचवले. मे 1940 मध्ये जर्मन फौजा आल्या. हळूहळू ज्यूंना क्रीडांगणावर जायला मनाई झाली, म्हणजे या माणसाचे उरलेसुरले सगळेच गेले. ऑगस्ट 1942 मध्ये पोलीस घरी आले. वेस्टरबोर्कची छावणी, मग पूर्वेची आगगाडी. 5 ऑक्टोबर 1942 रोजी आउशविट्झमध्ये बायको इलोना आणि दोन्ही मुलांना विषारी वायूने मारले. रॉबेर्तो बारा वर्षांचा होता, क्लारा आठ. वाइस अंगापिंडाने धडधाकट, म्हणून त्याला आधीच मजुरीसाठी उतरवून घेतले होते. तो 31 जानेवारी 1944 रोजी आउशविट्झमध्येच मेला.

मग साठ वर्षे शांतता. बोलोन्यात विचारले तर लोक म्हणत, कुठेतरी निघून गेला असेल. मात्तेओ मारानी या पत्रकाराने शाळेची दप्तरे आणि जुनी कागदपत्रे धुंडाळली, रॉबेर्तोचा एक बालमित्र शोधून काढला. त्याने बोलोन्या सोडून गेलेल्या या कुटुंबाची पत्रे जपून ठेवली होती. त्यातून 2007 मध्ये पुस्तक झाले, आणि मग कुठे लोकांना लाज वाटली म्हणा किंवा आठवण झाली म्हणा. बोलोन्याच्या मैदानावर 2009 मध्ये पाटी लागली. सान सिरोत, जिथे शिष्याचे नाव 1980 पासून आहे, तिथे गुरूची पाटी लागायला 2012 उजाडले.